छताची खरवड

दाणेदार छत हवं, असं मी कधीच म्हटलं नव्हतं.
रतिराम हैदराबादेहून शिकून आला होता ते काम.
खडूची भुकटी, डिंक, थोडं पीओपी,
आणि एक जुना रोलर, जो उचलला की
छताला हजार टोकं फुटायची
सोललेल्या कोंबडीच्या कातडीसारखी.
"साकोलीत बी कोनाकडे नाही," तो म्हणाला.
खरंच नव्हतं.

झाडू नेला की काड्या तिथेच अडकायच्या,
जाळी तशीच.
फोडणीचा धूर टोकाटोकावर बसून
सगळं पिवळं झालं.
यंदा रोवणी आटोपल्यावर ताटात पडू लागलं.
पहिला कण मी तांदळातला खडा समजून काढला.
दुसरा आचलच्या डोळ्यात गेला, बीजगणित सोडवताना.
त्यानंतर आम्ही ताटावर ताट झाकून जेवायला शिकलो,
घास घ्यायचा, झाकायचं,
चोरून जेवल्यासारखं.

दिवाळीनंतरच्या रविवारी
फवारणीचा पंप सोड्याने तीनदा धुतला,
तरी औषधाचा वास राहिलाच.
ईस्तारीमामाची घोडी आणली,
खताच्या चुंगड्या उसवून खाली अंथरल्या.
"भिजू दे आधी, बाई," मामा खालून म्हणाले,
"कोरडं ओरबाडशीन तं सिलॅप उकरशीन.
भिजलं का दुधाच्या गंजावानी सुटते."

आणि सुटलं.
पत्ती तिरपी धरली की
ओल्या सायीसारखी पट्टी उलगडत यायची,
थप्पकन पडायची.
पाणी मनगटावरून कोपरात, कोपरातून काखेत.
मान अशी मोडून मी कोणत्या देवाकडेही
इतका वेळ पाहिलं नाही.

खाली सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ निघाले,
लाकडाच्या रेषा, एक गाठ,
एक वाकलेला खिळा,
आणि सिमेंटला चिकटलेला पेपरचा तुकडा, उलट्या अक्षरांचा.
आचलने आरसा धरून वाचलं :
उद्या सायंकाळी सात वाजता.
पुढचं फाटलेलं.

मग पंख्याच्या हुकापासून निघाली ती.
उगवतीच्या कोपऱ्यापर्यंत, नागमोडी,
पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली,
आणि बुजवताना दाबलेला अंगठा,
विळ्याने कापल्याची आडवी रेघ असलेला.
तो अंगठा मी हळद लावून बांधला होता.
मी घोडीवरून उतरले नाही.
ओला हात तिथे ठेवून
किती वेळ उभी होते, मामांना माहीत.
ते काही बोलले नाहीत, फक्त घोडी धरून राहिले.

संध्याकाळी त्याचा फोन.
"काय करून राह्यली?"
"छत खरवडलं."
तिकडे कुठेतरी मिक्सर फिरत होता.
बराच वेळ तोच ऐकू आला.
"लय वाढली का?" त्याने विचारलं.
मी भेगेचं नावही काढलं नव्हतं.

"मिस्तरी पाह्यला येते बुधवारी," मी म्हटलं,
"तू जेवला का?"

खरवड अंगणात ओतली तर कोंबड्या धावल्या,
दाणे समजून टोचू लागल्या, थुंकू लागल्या,
पुन्हा टोचू लागल्या.
रात्री आम्ही ताटं उघडी ठेवून जेवलो.
आचल मधेमधे वर पाहायची, मीही.
मग तिच्याकडून पेन्सिल घेऊन
मी परत घोडीवर चढले,
भेगेच्या टोकाशी आडवी खूण केली
आणि तिच्याखाली तारीख लिहिली.