दगड सुटल्यावर

दर चार वर्षांनी, फेब्रुवारीत,
काळाचौकीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
आनेली सुंडब्लाड यायची, रात्री एकनंतर,
आवाज बंद करून,
कारण भाऊ पहिल्या पाळीचा.

पहिल्यांदा आली तेव्हा तेवीस वर्षांची. मीही.
स्वीडनचा पिवळा-निळा शर्ट, एक गुडघा बर्फालगत,
वीस किलोचा दगड हातातून सोडायची
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा तशी.
मी अंथरुणात बोटं वळवून बघितली.
हे तर आपलंच. बोर्ड तेवढा मोठा,
आणि राणी नाही, कव्हरची कटकट नाही.

आई कुजबुजली, त्या दोघी पुढे झाडू का मारतायत?
दगड पोचावा म्हणून.
पोचतो?
कधीकधी.
त्या रात्री तांदूळ निवडायचे राहिले.

मग तिला सोनं, मला राज्य अजिंक्यपद,
खेळाडू कोट्यातून बँक, फोर्ट शाखा, काउंटर चार.
तिला मुलगी. मला मानेचा पट्टा.
पुढच्या खेपेला ती चौथी आली.
समालोचक काय म्हणाला कळलं नाही,
पण हातमोजे तिने ज्या सावकाशीने काढले
ते मला ऐकू आलं.

एकाच गोष्टीचा राग होता मला तिचा.
आमच्यात स्ट्रायकर बोटावरून सुटला की सुटला,
त्याच्यापुढे कुणी धावत नाही.
हिने मात्र सोडल्यावरही ओरडायचं
आणि दोघींनी वाकून रस्ता घासून द्यायचा.

शेवटच्या वेळी एकोणचाळीस.
दोन दगड शिल्लक असताना
तिने झाडू काखेत धरला, चालत गेली,
समोरच्या पोरीचा हात हातात घेतला.
संपलं. त्यांच्यात चालतं असं.

परवा दादरच्या हॉलमध्ये निवड चाचणी.
समोर विरारची हर्षाली घरत, वय सतरा.
तिची एक सोंगटी उरलेली, राणी खिशात, कव्हरसकट.
माझ्या सहा.
मी हात पुढे केला.
पंच म्हणाले, मॅडम, असा नियम नाही. खेळा.
पोरगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे.
मग तिने पावडरीचा हात कुर्त्याला पुसला
आणि दिला.

बोर्ड आता कपाटामागे आहे, उभा.
फेब्रुवारीला अजून अडीच वर्षं.
आई विचारते,
ती झाडूवाली येईल ना गं परत?