सातवा मसुदा

सहावा मसुदा हॅलिफॅक्सने परत पाठवला.
समासात लाल शाईने एकच शब्द: अंतर.
जसं काही मला ठाऊकच नव्हतं.
सत्तावीस वर्षं मी फेरीबोटींची वेळापत्रकं लिहिली,
धुक्याला, बर्फाला, रुसलेल्या इंजिनाला रकाना दिला;
आता सेंट जॉन्सच्या या स्वयंपाकघरात
देशभरच्या रग्बी क्लबांच्या पत्रिका जुळवत बसलेय.

टेबलावर नकाशा. मॅनिटोबावर चहाचा कप.
या टोकाला मी, त्या टोकाला व्हिक्टोरिया,
मध्ये साडेचार तास.
ते दुपारची किक-ऑफ मागतात
तेव्हा इथे भांडी घासून पालथी पडलेली असतात.

कुणालाही पगार नाही, हे कलम पहिलं.
बाकीची सगळी त्यालाच फुटलेली.
रेजायनाचा हुकर ओरेस्ट वासिलिव ट्रकचे ब्रेक बसवतो,
सोमवारी सातला गॅरेजचं शटर त्यानेच उचलायचं.
म्हणून रविवारी सामना नाही.
म्हणून शनिवार, तोही दुपारच्या आत,
म्हणून शुक्रवारचं विमान;
आणि शुक्रवारी मॉन्क्टनच्या इस्पितळात
मिरेय थिबोडोची रात्रपाळी.
(महिलांचे संघ त्याच विमानाने, त्याच मैदानावर.
हे कलम दुसरं. यावर मी चर्चा ठेवलेली नाही.)

मे महिन्यात प्रेअरीची जमीन
खांदा टेकवावा इतकी मऊ झालेली नसते.
जूनअखेरपर्यंत प्रिन्स एडवर्ड बेटाची पहिली फळी,
तिघे गिलिस भाऊ, एकाच होडीत लॉबस्टरचे पिंजरे ओढतात;
स्क्रम त्यानंतर.
जुलैत लग्नं. ऑगस्टमध्ये जंगलं पेटली
तर धुरात चेंडू दिसत नाही.
सप्टेंबरात गहू. ऑक्टोबरात पुन्हा बर्फ.
वजा करत करत हाती आले
सहा शनिवार.

सोळा क्लब, चार गट, सहा शनिवार.
विजेत्याला काय, असं टोरांटोचे पेटिपास विचारतात.
चषक, म्हणाले मी. आणि परतीचं भाडं.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मग गूज बेहून पत्र आलं, पेन्सिलीने लिहिलेलं:
आम्ही तेरा आहोत.
दुष्काळात तेरावा महिना असतो म्हणतात,
यांची यादीच तेराव्यावर संपलेली.
पेटिपास म्हणाले, पंधरा नसतील तर सामना बहाल,
नियम म्हणजे नियम.
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

कॉलिन एकोणीस वर्षांचा असताना
असाच उसना गेला होता, पाहुण्यांकडून.
आपल्याच कप्तानाला त्याने चिखलात आडवं केलं
माझ्या डोळ्यांसमोर,
आणि मला कळेना टाळ्या कुणासाठी वाजवू.
वाजवल्या.
रात्री दोन्ही संघांनी एकाच पातेल्यातलं
कॉडचं सूप संपवलं. कप्तान सगळ्यात जास्त प्यायला.

कलम एकोणिसावं, म्हणून, असं:
पाहुणे कमी पडले तर यजमानाने माणसं द्यावीत.
चांगली द्यावीत. जखमी किंवा आळशी देऊन
हात झटकू नयेत.
हे शेवटचं वाक्य कायद्यात बसत नाही,
हॅलिफॅक्स ते खोडणार. खोडू दे,
आठव्यात परत घालीन.

साडेअकरा वाजलेत. खिडकीच्या काचेवर बर्फ
अंगठ्याएवढा जाड.
एक प्रश्न राहिलाच: पाहुण्यांच्या चिखलाच्या जर्सी
धुवायच्या कुणी?
व्हिक्टोरियात आत्ता सातच वाजलेत.
लावते फोन.