न वाचलेलं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, अंबादास मेरगूंच्या कारखान्यात
मी एक छोटासा प्रोग्राम बसवला.
रात्री दोनला उठायचं, मेलबॉक्समध्ये शिरायचं,
न वाचलेलं तेवढंच मागायचं,
आणि किती डझन, कुठला रंग, कधीपर्यंत,
हे उपसून तक्त्यात भरायचं.

सकाळी नऊला फोन.
"ओ मॅडम, जगात आज कुणालाच टॉवेल नको का ओ?"

जाऊन पाहते तर सगळी अक्षरं बारीक झालेली.
त्रेसष्ट मेल आल्या होत्या रात्रीतून,
एकही ठळक नव्हती.
प्रोग्रामनं मजकूर मागितला, सर्व्हरनं दिला,
आणि देता देता सवयीनं
प्रत्येकीवर शिक्का मारला: वाचलं.
कुणी वाचलं, हे शिक्क्यात लिहायची पद्धत नसते.

मेरगूंचा सगळा कारभार ठळक अक्षरांवर.
सूत आलं नाही, ठेव ठळक.
भाव परवडत नाही पण नाही म्हणवत नाही,
ठेव ठळक.
वही नाही, डायरी नाही.
सकाळी चष्मा लावायचा आणि वरून खाली
काळं काळं मोजत यायचं.

चूक एका शब्दाची होती.
नुसतं डोकावून बघ, हात लावू नकोस,
एवढं सांगायचं राहिलं होतं.
ते सांगितलं.
शिवाय प्रत्येक मेलचा कायमचा नंबर टिपून ठेवला माझ्या बाजूला,
रांगेतला नंबर नव्हे; रांगेतलं एक गेलं
की मागचे सगळे पुढे सरकतात
आणि आपण भलत्याच्याच खांद्यावर हात ठेवतो.

"ते झालं ओ," मेरगू म्हणाले,
"पण तळातले सात?"

तळात गेले. सहा वर्षांपूर्वीच्या तारखा.
सातही एकाच माणसाच्या: लक्ष्मीपती इप्पाकायल.
जकार्डची कार्डं पाडायचा, त्यांनी सांगितलं.
नक्षी आधी चौकटीच्या कागदावर, मग पुठ्ठ्यात भोकं;
भोक असेल तिथं सुई जाणार,
नसेल तिथं अडणार, बस्स.
पैशावरून बोलाचाली झाली. भिवंडीला गेला.
तिथून मेल पाठवायचा.
"उघडल्या नाहीत. रागात होतो.
मग तो गेल्याचं कळलं,
मग तर कशा उघडू?"

बाहेर बावीस माग एका दमात आपटत होते.
उन्हानं पत्रा तडतडत होता.
मी शिक्के काढले, एकेक करून, सात वेळा.
अक्षरं पुन्हा जाड झाली.
त्यांनी बोट लावून मोजली.

"तुमच्या मशीननं वाचलं ना पण?
मग त्याला माहीत असंल की, काय लिहिलंय."

नाही हो, म्हटलं.
ते डझन शोधत होतं, रंग शोधत होतं.
सापडलं नाही, पुढं गेलं.

खरं होतं ते. माझ्या नोंदवहीत सात ओळी होत्या:
ऑर्डर नाही.
ऑर्डर नाही.
ऑर्डर नाही. अशा.

त्यांनी मान हलवली. चहा मागवला.
कागदाच्या पुडीतून शेंगाचटणी दिली, घरची,
"तिखट आहे, बेतानं."

रिक्षात बसल्यावर लॅपटॉप पुन्हा उघडला, उगाच.
सातव्या ओळीच्या शेवटी, मघाशी नजरेतून सुटलेलं:
जोडलेली फाईल एक.
नाव: मोर, नवीन, तुझ्यासाठी.

अशोक चौकापर्यंत फोन हातात धरून होते.
सिग्नल सुटला.
रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं सोडू?
मी म्हटलं, जरा थांबा,
आणि नंबर लावला नाही.