मनगट सोडा

येरवड्याच्या रेंजवर सकाळी साडेसहाला
लहू शेलार माझ्या मनगटाकडे बघतो,
चेंडूकडे बघतच नाही.
"मारता आणि थांबता. शिक्का मारल्यासारखं."

बरोबर ओळखलं. एकतीस वर्षं
लक्ष्मी रोडच्या शाखेत तेच केलं :
उचल, ठोक, पुढचा कागद.

तो माझा उजवा हात धरून डाव्यावरून वळवतो,
डावं कोपर आत मुडपतो,
दोन्ही मुठी डाव्या कानामागे नेऊन ठेवतो.
"आता असेच उभे राहा."
उजवी टाच वर. पट्ट्याचं बक्कल लोहगावाकडे.
मी उभा. खांद्यात कळ.
चेंडू कधीच गेलेला, बहुधा बाभळीत.

"गेला ना तो, मग आता हे कशाला?"
लहू हसत नाही.
"चेंडूला आधीच कळतं, साहेब,
तुम्ही कुठं थांबणार ते."

सोमवारी कोर्स बंद. कॅडी खेळतात.
कुंपणापलीकडून पाहिलं :
एकच जुनी सात नंबरची आयर्न,
मूठ सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली,
आणि लहूचे हात
खांद्यावरून मागे, सैल,
माझी बॅग उतरवून ठेवल्यावर
असतात तसे.