तिमाही

मे महिन्यात मालिंदीचं आमचं हॉटेल मिटून असतं.
साबाकी नदीचा गाळ समुद्रात उतरतो, पाणी चहासारखं होतं,
इटलीची माणसं आपापल्या उन्हाळ्याकडे परततात
आणि चौऱ्याऐंशी खोल्या माझ्या ताब्यात येतात.
माझ्या आणि काहिंदीच्या. तो शिडी धरतो.

आधी झाकण. मग जाळी.
जाळीवरचं हे मी रोज बघते, तरी सांगते:
पावडर, केस, टॉवेलचा भुगा,
कुणाच्या तरी मधुचंद्राची राखाडी साय.
नळाखाली धरली की अख्खीच्या अख्खी सुटते
आणि पाण्याबरोबर निमूट निघून जाते.

बाहेरच्या युनिटला समुद्र खातो.
घाईने नाही. मीठ लावून, चवीने.
ॲल्युमिनियमच्या पात्या मुडपतात, एकमेकींना चिकटतात.
त्यांना मी फणी करते,
शाळा उघडायच्या आदल्या रात्री
पोरीच्या डोक्यातून लिखा काढाव्यात तशी,
वरून खाली, बोट कापू न देता.
पहिल्या वर्षी माझं कापलं होतं.
काहिंदीचं अजून व्हायचंय.

निचऱ्याच्या नळीत जोरात फुंकायचं.
आत शेवाळाचा लगदा असतो,
कधी गांधीलमाशीचं मातीचं घर,
एकदा पाल, जिवंत, माझ्यापेक्षा जास्त दचकलेली.

झाकणाच्या आतल्या अंगाला कार्ड.
शेबवाना उस्तादांची सही, पेन्सिलीतली,
दर तीन महिन्यांनी एक, खाली खाली उतरत,
शेवटची जरा तिरकी.
आणि तिच्याखाली लगेच माझी.
मध्ये मी एक ओळही सोडली नाही.
सोडायला हवी होती का, असं कधी कधी वाटतं.

ओंदिती साहेब नैरोबीहून येतात, वही उलटतात.
"चार वर्षांत एकही मशीन बंद पडलेलं नाही.
मग हा खर्च कशासाठी?"
मी काय दाखवू?
जे बिघडलंच नाही
त्याचं भंगार टेबलावर आणून ठेवता येत नाही.
त्यांनी तिमाही खोडून सहामाही लिहिलं,
हिरव्या शाईत, सुंदर अक्षरात.

एकशे नऊमध्ये मात्र माणूस राहतो.
सिन्योर ओत्ताविओ. वर्षाचं भाडं आगाऊ.
दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी.
फेब्रुवारीत मी ती वाचली आणि पुढे गेले.
आज त्यानेच दार उघडलं.

पलंग भिंतीपासून हातभर सरकवलेला,
भिंतीवर तपकिरी ओघळ, रंगाला फोड,
आणि खाली पास्त्याचं पातेलं.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
टप्.
साहेबांना हवा होता तो पुरावा हाच.
फक्त त्यावर नाव माझं होतं.

"रिसेप्शनला सांगायचं ना," मी म्हणाले.
तो मोडक्या किस्वाहिलीत म्हणाला,
"रात्री कुणीतरी जागं आहे असं वाटायचं."

काहिंदी माझ्याकडे बघायला लागला.
मी शिडी चढले.
ट्रे धुतला, नळीतून बोटभर चिखल ओढून काढला.
उतार चुकला होता: एक स्क्रू, दोन आटे.
लेव्हल लावली. बुडबुडा अगदी मधोमध नको,
पाण्याला नळीकडे जावंसं वाटेल इतकाच कललेला.
मशीन चालू केलं. थंड. कोरडं.
खोलीत इतकं शांत झालं
की ओहोटीचा आवाज आत आला.

ओत्ताविओ पातेलं हातात घेऊन उभा.
ते कुठे ठेवावं, त्याला सुचत नव्हतं.

कार्डावर सही केली.
पुढची तारीख लिहायची जागा होती.
हिरव्या शाईच्या हिशेबाने नोव्हेंबर.
मी ऑगस्ट लिहिलं
आणि काहिंदीला सांगितलं, ऑगस्टमध्ये दार वाजव.
पाटी असली तरी.