चॅसी नंबर

लोहशिंगव्याच्या एका पोल्ट्रीत सापडली ती.
मागच्या सीटवर कोंबड्या खुडूक बसलेल्या,
बॉनेटवर कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या,
आणि पलीकडे रेंजवर देवळालीच्या तोफांचा सराव चालू.
दर धमाक्याला कोंबड्या फडफडत.
जीप हलत नव्हती.
सवय असावी.

निवृत्ती जुंद्रे म्हणाला, आज्याने लिलावात घेतली.
कुठल्या? मिलिटरीच्या.
कधी? आत्या पोटात होती तेव्हा.
पावती?
हसला. म्हणाला, आत्याचीपण नाही.

ट्रॉलीवर टाकून सातपूरला आणली.
अन्वर मिस्त्रीने रंग खरवडला तसा रंगाखाली रंग निघत गेला,
वर जुंद्र्यांचा निळा, मग हिरवा,
मग वाळूचा, कुठल्या वाळवंटातला कोण जाणे,
पुन्हा हिरवा,
आणि एका पांढऱ्या चांदणीचं अर्धं टोक.
अन्वरने पॉलिशपेपर खाली ठेवला.
आम्ही दोघंही फॅक्टरीतली माणसं, बोललो नाही.
चहा सांगितला.

पेठ रोडच्या आरटीओत हेलपाटे किती, ते मोजले नाहीत.
कडुनिंबाखाली बसतो तो एजंट, आडनाव पगार, म्हणाला,
मालक, हिच्या नावाचा एक चिटोरा नाही.
शेवटचा मालक सरकार. सही कुणाची आणू?
मग जबलपूरला लिहिलं.
आठ महिन्यांनी हिंदीत उत्तर आलं,
त्या काळाचे कागद नियमानुसार जाळले.
जाळल्याचा कागद मात्र होता,
जावक क्रमांकासकट, गोल शिक्क्यासकट.
तो जोडला.

मी, भास्कर रंगनाथ गायधनी, वय एकोणसाठ,
राहणार पळसे, तालुका जिल्हा नाशिक,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
सदर वाहन चोरीचे नाही,
सदर वाहन कोणत्याही गुन्ह्यात वापरलेले नाही,
इथे पेन अडलं.
लढाई गुन्ह्यात धरतात का?
पगार म्हणाला, करा सही, नोटरीला जेवायला जायचंय.

इन्स्पेक्टर सानपबाई, वय असेल सव्वीस-सत्तावीस.
नंबर दाखवा, म्हणाल्या, बाकी गोष्टी नकोत.
प्लेट कधीच गेलेली, रिव्हेटची चार भोकं तेवढी.
मग पेपर अंथरून त्या स्वतःच आडव्या झाल्या,
फ्रेमच्या पुढच्या टोकाशी, ग्रीसच्या थराखाली,
कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासली,
आपण शाळेत चार आण्याचं नाणं घासायचो तशी.
आधी नुसतं काळं.
मग एक सहा.
मग काहीतरी.
आठ का तीन हो काका?
चौतीस वर्षं लेथवर गेली माझी,
कागद ज्याला जाड म्हणतो तेवढं बोटाला कळतं.
खाली वाकलो, बोट फिरवलं.
कुणा परमुलखातल्या कामगाराचा पंच,
सोमवारी मारला असेल, हात थोडा उजवीकडे गेलेला.
आठ, म्हटलं.
त्यांनी आठ लिहिला.

खिडकीवर आहेरराव.
उत्पादनाचं वर्ष?
इंजिनच्या ओतीव ब्लॉकवर निघालंय साहेब, पंचेचाळीस.
तारीख?
तारीख कुठून आणू.
कॉम्प्युटर रिकामी चौकट घेईना,
मागे रांग खाकरायला लागली.
आहेररावांनी चष्म्यावरून पाहिलं,
तुमच्या मातोश्रींची जन्मतारीख काय?
एक जून.
आमच्याही. गुरुजींनी टाकलेली.
आणि दोन बोटांनी टाइप केलं.

संध्याकाळी पळशाला चालवत आणली.
चौथ्या हाकेला आई बाहेर आली,
चष्मा पदराला पुसत एक फेरी मारली तिच्याभोवती.
मिळाला नंबर?
मिळाला. तुझीच तारीख टाकली, आणि साल पण तुझंच.
हेडलाइटच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली बराच वेळ.
मग मोठी कोण रे, मी का ही?
ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हटलं.
बरं, म्हणाली.
शेडखाली घे तिला. दव पडतं रात्रीचं.