ड्रॉइंग मिळणार नाही

लॅपटॉप शाहूपुरीतून आणला, सेकंडहँड,
इरफान बागवानच्या टेबलावरून, अकरा हजाराला.
"सगळं चालतंय," तो म्हणाला,
मग खाली बघून, "वायफाय सोडून."

लिनक्स टाकलं. पडदा उजळला,
आवाज आला, कॅमेऱ्यात माझं विस्कटलेलं तोंड आलं.
नेटवर्कच्या जागी फक्त रिकामा कोपरा.
कार्ड आत आहे, स्क्रूनं घट्ट बसलेलं,
यादीत त्याचा नंबरही दिसतो,
पण कर्नल ओळख देत नाही.
समोर उभ्या माणसाला कारकून म्हणतो तसं:
पुरावा आणा.

ड्रायव्हर नेटवर, नेटला ड्रायव्हर हवा.
किल्ली आत राहिलेल्या घरासमोर
मी, आणि केबलला लटकलेला माझा फोन.
कंपनीला लिहिलं. तीन ओळींचं उत्तर आलं,
त्यात क्षमस्व दोनदा.

त्याच आठवड्यात उद्यमनगरात
आण्णांच्या लेथवर एक पंप आला.
बनवणारे कधीच बुडालेले, शाफ्ट तुटका.
ड्रॉइंग विचारल्यावर गिऱ्हाईक नुसतं हसलं.
आण्णांनी तुकडे पुसले, जुळवून धरले,
व्हर्नियर लावलं, काढलं, फिरवून परत लावलं.
"झिजलंय किती ते आधी बघायचं," म्हणाले,
"मग नवं असताना किती असंल ते."
मी डबा द्यायला गेले होते. उभीच राहिले.

रात्री त्याच घराण्यातल्या
थोरल्या कार्डाचा ड्रायव्हर उघडला.
रजिस्टरं तीच, जागं करायचा क्रम तोच,
एका पायरीवर मात्र याला जरा जास्त दम लागतो.
हे कळायला नऊ रात्री.
मशीन सतरांदा गोठलं.
आई म्हणाली, झोप आता, कुणाचं लगीन हाय काय?

दहाव्या रात्री यादी उगवली:
ओम मेस, गुरव वरचा मजला,
एकाचं नावच 'मागू नये'.
गल्ली एवढी बोलत होती भोवतीनं.

बदल म्हणाल तर
तक्त्यात एक नवी ओळ, आणि वीस मिलिसेकंद.
इरफाननं पडून असलेल्या सहा लॅपटॉपवर चालवून बघितलं;
तपासणारा म्हणून त्याचं नाव घातलं तर लाजला.
ओळ पुढं पाठवली. आता ती कर्नलात आहे.

"पैसे कोण देणार?" आण्णा.
"कुणी नाही."
ते काही बोलले नाहीत.
गिऱ्हाईक शाफ्ट घेऊन केव्हाच गेलेलं,
आणि ते खडूनं, दाराच्या मागं,
त्याचं माप लिहून ठेवत होते.